रक्तात लिव्हरचा जीन सापडला म्हणजे कॅन्सर पसरला असं नसतं

आधी तुझा प्रश्न मला कसा समजला ते लिहितो, चुकत असेल तर सांग. आत्या ६१ वर्षांच्या, हिपॅटायटिस बी बऱ्याच वर्षांपासून, त्यातून सिरोसिस, म्हणजे लिव्हर चट्टे पडून कडक झालेलं. गेल्या महिन्यात लिव्हरमधे २.३ सेंटीमीटरची गाठ निघाली, सीटीवर कॅन्सरचीच म्हणून नक्की झाली, आरएफए करून सुईने जाळली. एएफपी, म्हणजे लिव्हर कॅन्सरमधे बऱ्याचदा रक्तात वाढणारं प्रोटीन, गाठ असतानाही ८ होतं, म्हणजे न वाढलेलं, आणि नंतर ७. इथपर्यंत सगळं ठीक. मग कोणीतरी ओळखीच्याने सांगितलं की रक्तात फिरणाऱ्या कॅन्सरच्या पेशी पकडणारी जेनेटिक टेस्ट आहे, ती करून टाका, मनाची शांती. तुम्ही आरएफएच्या तिसऱ्या दिवशी ब्लड दिलं आणि रिपोर्ट आला एएफपी एमआरएनए डिटेक्टेड, अल्ब्युमिन एमआरएनए डिटेक्टेड. शांती गेली बाजूला, आता सुदामा नगरच्या घरात कोणी नीट जेवत नाहीये. आणि तू विचारतोयस की कॅन्सर रक्तात पसरला का, केमो लगेच चालू करायचा का, आणि ही टेस्ट दर महिन्याला करत राहायची का.

मी पेशंट बघणारा डॉक्टर नाही, पॅथॉलॉजीवाला आहे, चोवीस वर्षं पीसीआरच्या, म्हणजे जीनच्या कॉपी वाढवून दाखवणाऱ्या मशीनसमोर गेली, त्यातली बरीचशी इथे इंदूरलाच. तेव्हा ट्रीटमेंट तुमचे लिव्हरचे डॉक्टरच ठरवतील, मी फक्त हा कागद काय म्हणतोय आणि काय म्हणत नाहीये तेवढं सांगू शकतो. वयाने लहान वाटतोस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस भिया.

तर या रिपोर्टवरून कॅन्सर पसरला असं म्हणता येत नाही. अजिबात नाही. रिपोर्ट खोटा आहे असं मी म्हणत नाहीये, मशीनने जे पाहिलं ते बहुतेक खरंच पाहिलं असेल, पण ते जे होतं त्याला कॅन्सर म्हणायचं का, इथेच सगळी गोची आहे.

बघ, शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशींत डीएनए एकच असतो, लिव्हरच्या पेशीत जो तोच रक्ताच्या पांढऱ्या पेशीत. फरक कुठला जीन चालू आणि कुठला बंद यात असतो. लिव्हरमधे अल्ब्युमिनचा जीन दिवसरात्र चालू, कारण रक्तातलं सगळं अल्ब्युमिन तिथेच बनतं. चालू असलेल्या जीनची जी कच्ची कॉपी पेशीत तयार होते ती एमआरएनए. पांढऱ्या पेशीला अल्ब्युमिनशी काही देणंघेणं नाही, तिच्यात ही कॉपी असायला नको. म्हणून आयडिया अशी निघाली की रक्त घ्यायचं, त्यातल्या पेशी वेगळ्या करायच्या, त्यांचा एमआरएनए काढायचा, आणि त्यात लिव्हरची कॉपी सापडली तर समजायचं की लिव्हरची पेशी रक्तात फिरतेय. लिव्हरची पेशी रक्तात कशाला फिरेल, तर कॅन्सरची असेल म्हणून. एएफपी तर त्याहून भारी वाटलं, कारण हे प्रोटीन गर्भातल्या बाळाचं लिव्हर बनवतं आणि जन्मानंतर वर्षभरात हा जीन जवळपास बंद होतो, तो मोठ्या माणसात परत चालू दिसतो तो बऱ्याचदा लिव्हरच्या कॅन्सरमधे. (गंमत म्हणजे अल्ब्युमिन आणि एएफपी हे जीन चार नंबरच्या क्रोमोसोमवर शेजारी-शेजारीच बसलेत, सख्खी भावंडं म्हण.)

रंगपंचमीची गेर, आपल्या इंदूरची ती रंगाची मिरवणूक, तू पाहिली असशील. राजवाड्यापाशी एवढी गर्दी, सगळे गुलालात रंगलेले, चेहरा कोणाचा ओळखू येत नाही. त्यात तुला वडोदऱ्याहून आलेला एक माणूस शोधायचाय. चेहरा बघून नाही सापडणार, पण कोणी गुजराती हेलात बोलताना ऐकू आलं तर मान वळवशील. ही टेस्ट तसंच करते, चेहरा बघत नाही, हेल ऐकते. आणि गेरमधे गुजराती बोलणारा तोच एक माणूस असेल असं थोडंच आहे.

गर्दी म्हणजे किती ते ऐक. एक मिलिलिटर रक्तात लाल पेशी साधारण ५०० कोटी, पांढऱ्या ४० लाख ते १ कोटी १० लाख. आणि कॅन्सरच्या पेशी, असल्याच तर, पाच-दहा मिलिलिटरमधे एक, दोन, चार. कॅन्सर पेशंटच्या रक्तात गाठीतल्यासारख्याच पेशी दिसतात हे अॅशवर्थ नावाच्या डॉक्टरने ऑस्ट्रेलियात १८६९ मधे मायक्रोस्कोपखाली बघून लिहून ठेवलंय, म्हणजे कल्पना काही नवी नाही, नवीन आहे ती एवढ्यातून एक पेशी ऐकू येण्याची सोय. ती पीसीआरने दिली. १९९४ मधे जपानमधल्या डॉक्टरांनी लिव्हर कॅन्सरच्या पेशंटच्या रक्तात एएफपीचा एमआरएनए आरटी-पीसीआरने (एमआरएनएचा आधी डीएनए बनवून मग पीसीआर) पकडून दाखवला आणि मग पुढची दहा-पंधरा वर्षं जिकडे तिकडे हेच चालू होतं, आम्हीपण त्यात उतरलो.

आता माझीच फजिती सांगतो. एका ठिकाणी, नाव नको, आम्ही हे सेट करत होतो. आधी बघायचं असतं की टेस्ट किती बारीक ऐकते, त्यासाठी हेपजीटू नावाच्या पेशी मिळतात, लिव्हरच्या ट्यूमरमधून काढून लॅबमधे वाढवलेल्या, भरपूर अल्ब्युमिन आणि एएफपी बनवतात. त्या मोजून निरोगी माणसाच्या रक्तात टाकायच्या, हजार, शंभर, दहा, एक, आणि कुठपर्यंत जेलवर पट्टी उमटते, म्हणजे पीसीआरला जीनची कॉपी सापडते, ते बघायचं. निरोगी माणसं कुठून आणणार, आम्हीच सगळे एकमेकांचं काढलं. पहिल्याच दिवशी अल्ब्युमिनच्या जेलवर काय दिसावं, ज्या ट्यूबमधे एकही हेपजीटू टाकली नव्हती, फक्त माझं रक्त, तिथे पट्टी. हलकी, पण स्वच्छ दिसणारी. परत केलं, परत तीच. आमचा टेक्निशियन म्हणाला सर काल रात्री सराफ्यात गराडू जास्त झाले वाटतं, लिव्हर बोलायला लागलं. (सराफा म्हणजे आमचा रात्रीचा खाऊबाजार, गराडू म्हणजे तिथला तळलेला कंद.) हसलो सगळे, पण खरं सांगू, दुसऱ्या दिवशी मी गुपचूप जाऊन सोनोग्राफी आणि एसजीपीटी, ती लिव्हरची रक्ततपासणी, करून आलो. सगळं नॉर्मल. मग बाकीच्यांचं केलं, नऊ जणांपैकी चौघांची अल्ब्युमिनची पट्टी आली. त्या दिवसापासून मी "डिटेक्टेड" या शब्दाकडे जरा तिरक्याच नजरेने बघतो.

हे का होतं, तर बंद जीन म्हणजे कुलूप लावलेलं दार नसतं, लोटलेलं दार असतं. लाखो पांढऱ्या पेशींत कुठेतरी एखाद्या पेशीत चुकून एखादी कॉपी निघतेच, काहीही गरज नसताना. एरवी ती कोणाला कळलीही नसती पण पीसीआर दर फेरीला माल दुप्पट करतं, चाळीस फेऱ्या फिरवल्या की कुजबूजपण लाऊडस्पीकरवर येते. अल्ब्युमिनच्या बाबतीत हा प्रकार इतक्यांना आढळला की कॅन्सरच्या पेशी शोधायला एकटं अल्ब्युमिन वापरणं लोकांनी जवळजवळ सोडूनच दिलं. एएफपी त्यामानाने बरं, निरोगी माणसात कमी वेळा दिसतं, पण हिपॅटायटिस आणि सिरोसिसच्या काही पेशंटमधे कॅन्सर नसतानाही दिसतं, कारण तिथे लिव्हर सतत तुटत-बनत असतं आणि नवीन बनणाऱ्या पेशी थोडाफार एएफपीचा जीन चालू करतात.

आणि आत्यांच्या बाबतीत तर याहून साधं कारण समोर आहे. ब्लड कधी घेतलं? आरएफएच्या तिसऱ्या दिवशी. अरे आरएफए म्हणजे लिव्हरमधे सुई घालून गाठ आणि तिच्या आजूबाजूची चांगल्या लिव्हरची एक कड मुद्दाम भाजून काढणं. भाजलेल्या, अर्धवट तुटलेल्या पेशी, साध्या चांगल्या लिव्हरच्यासुद्धा, रक्तात सुटणारच. बायोप्सी झाली, ऑपरेशन झालं, एम्बोलायझेशन (गाठीची रक्तवाहिनी बंद करणं) झालं, सगळ्यांनंतर काही दिवस लिव्हरचा एमआरएनए रक्तात वाढलेला सापडतो हे बऱ्याच जणांनी नोंदवलंय. घर रंगवायला काढलं की दुसऱ्या दिवशी अंगणात चुन्याचे पोपडे मिळणारच, त्यावरून भिंत पडतेय म्हणत नाहीत. ज्या कोणी ही तारीख ठरवली त्याला टेस्ट माहीत नव्हती किंवा पेशंटचं काय झालंय ते विचारायची तसदी घेतली नव्हती, दोन्हीत मला रागच येतो.

अजून एक बारकावा, तो तुमच्या डॉक्टरांना नक्की विचार. आत्यांचं एएफपी गाठ पूर्ण जिवंत असतानासुद्धा ८ होतं. म्हणजे त्यांची गाठ एएफपी बनवणाऱ्या जातीची वाटत नाही, लिव्हर कॅन्सरच्या साधारण तिसरा हिस्सा गाठी अशाच असतात. मग जी गाठ एएफपी बनवतच नव्हती तिच्या पेशीने रक्तात जाऊन एएफपीचा एमआरएनए कसा दाखवला? अगदीच अशक्य आहे असं नाही, छोटी गाठ थोडंसं बनवत असेल आणि ते रक्तात कळलं नसेल, पण माझ्या मते सिरोसिसचं लिव्हर आणि आरएफएची जखम हे जास्त पटण्यासारखं कारण आहे.

आता उलटी बाजू, कारण उद्या कोणीतरी म्हणेल की बरं, दोन महिन्यांनी परत करू आणि निगेटिव्ह आलं की पेढे वाटू. तेपण नको. समज रक्तात दर १० मिलिलिटरला सरासरी एक कॅन्सर पेशी आहे. अंगात रक्त पाचेक लिटर, म्हणजे त्या घटकेला ५०० पेशी फिरतायत, कमी नाहीत. तू १० मिलिलिटर रक्त काढलंस. त्यात एक तरी पेशी येईलच असं वाटतं ना? नाही. हिशोब केला तर ३७ टक्के वेळा त्या ट्यूबमधे एकही पेशी येत नाही. पोह्यात शेंगदाणे मोजून टाकले तरी एखाद्या प्लेटमधे एकही येत नाही, तसंच हे. वर लॅबमधे पेशी वेगळ्या करताना निम्म्या तरी हरवतात, तेवढं धरलं तर हुकण्याचं प्रमाण ६१ टक्क्यांवर जातं. आणि टेस्ट कितीही भारी असू दे, जी पेशी ट्यूबमधे आलीच नाही ती कुठल्याच मशीनला दिसणार नाही. त्यात या पेशी नळाच्या पाण्यासारख्या एकसारख्या येत नाहीत, गाठीतून झुबक्याने सुटतात, बऱ्याचशा काही तासांत मरतात, सकाळी आहेत तर संध्याकाळी नाहीत. एका वेळच्या निगेटिव्हला म्हणून फार किंमत नसते, निदान तीनदा वेगवेगळ्या दिवशी घेतलं असेल तर थोडं बोलता येतं.

सॅम्पलचं तर विचारूच नकोस. एमआरएनएसारखी नाजूक चीज नाही, आपल्या बोटांच्या घामात जे एन्झाइम असतं तेवढंसुद्धा तिला खाऊन टाकतं. रक्त काढल्यावर थोड्या तासांत थंड ठेवून प्रोसेस करायला हवं, नाहीतर आरएनए टिकवणाऱ्या खास ट्यूबमधे घ्यायला हवं. आमच्याकडे एकदा झाबुआकडून सॅम्पल आलं, मे महिना, बसच्या डिकीत, गंगवाल स्टँडवर मुलगा आणायला गेला तेव्हा आइसपॅकचं कोमट पाणी झालेलं. आणि ट्यूब हिरव्या झाकणाची. हिरवं झाकण म्हणजे हेपॅरिन, आणि हेपॅरिन पीसीआरचा गळाच धरतं, सॅम्पलमधे काही असलं तरी निगेटिव्हच. जांभळ्या झाकणाची, ईडीटीएची लागते. सॅम्पल रिजेक्ट केलं तर पाठवणारे आमच्यावरच चिडले. अजून एक गोष्ट जी फार कमी ठिकाणी पाळतात, सुई टोचल्यावर पहिले दोन-चार मिलिलिटर वेगळ्या ट्यूबमधे घेऊन बाजूला ठेवायचे असतात, कारण सुईच्या टोकाला चामडीच्या पेशी येतात आणि काही मार्कर, म्हणजे ज्यांच्यावरून पेशी ओळखतो ते जीन, त्यांच्यातही चालू असतात. लिव्हरच्या जीनला याचा त्रास कमी, पण सवय चांगली.

आणि कंटॅमिनेशन, म्हणजे आमच्या धंद्यातली महामारी. जुन्या नेस्टेड पीसीआरमधे दोनदा माल वाढवायचो, पहिल्या राउंडची ट्यूब उघडायची, त्यातला थेंब दुसऱ्या राउंडला घालायचा. ट्यूब उघडली की दिसत नाही असा फवारा उडतो आणि त्या एका फवाऱ्यात कॉपी किती असतात ते विचार करण्यासारखं आहे. एकदा आमच्या पाण्याच्या ट्यूबला, जिच्यात रक्तच नाही नुसतं पाणी असतं अशा कंट्रोलला, पट्टी आली. पाण्याला लिव्हर कॅन्सर! चार दिवस लागले शोधायला, शेवटी निघाली एक पिपेट, जी कोणीतरी जेलच्या टेबलवरून उचलून मिक्स बनवायच्या खोलीत नेली होती. त्या आठवड्याचे सगळे रिपोर्ट थांबवले. हे कबूल करायला लाज वाटली होती तेव्हा, पण आता मी उलट म्हणतो की जी लॅब सांगते आमचं कधी कंटॅमिनेशन झालंच नाही ती एकतर कालच उघडली असेल नाहीतर पाण्याचा कंट्रोल लावत नसेल.

एवढं वाईट बोललो म्हणजे ही सगळी लाइनच फालतू आहे असं समजू नकोस. काम पुढे गेलंय, आणि चांगलं गेलंय. एक रस्ता असा की लिव्हरचा हेल ऐकण्यापेक्षा कॅन्सरचाच हेल ऐका. मेज नावाचे जीन आहेत, १९९१ मधे मेलॅनोमात पहिला सापडला, हे निरोगी शरीरात वृषण सोडलं तर जवळपास कुठेच चालू नसतात, चांगल्या लिव्हरमधे तर नाहीतच. म्हणून रक्तात मेजचा एमआरएनए आला तर आरएफएने उडालेली चांगली पेशी असा बहाणा चालत नाही. अडचण इतकीच की प्रत्येक गाठीत हे चालू नसतात, म्हणून एक-दोन नाही तर चार-पाच मार्कर एकत्र लावायचे, आणि शक्य असेल तर आधी गाठीच्याच तुकड्यात बघायचं की हिच्यात कुठला चालू आहे, मग तोच रक्तात शोधायचा. गाठीत जो नाहीच तो रक्तात नाही म्हणून खूश होण्यात काय अर्थ.

दुसरा रस्ता, पेशीच पकडायची. अमेरिकेत एक सिस्टिम २००४ मधे ब्रेस्ट कॅन्सरसाठी मंजूर झाली, सेलसर्च, ती ७.५ मिलिलिटर रक्तातून एपकॅम नावाच्या प्रोटीनला लोहचुंबकाचे कण चिकटवून पेशी ओढून काढते. ब्रेस्टला छान. पण लिव्हरच्या मूळ पेशींवर एपकॅम नसतंच, पित्तनलिकेच्या पेशींवर असतं, त्यामुळे लिव्हर कॅन्सरच्या बऱ्याच पेशी त्या चुंबकाला दादच देत नाहीत. ज्या देतात त्या मात्र डेंजर, शांघायच्या एका टीमने २०१३ मधे दाखवलं की ऑपरेशनच्या आधी ७.५ मिलिलिटरमधे अशा दोन किंवा जास्त पेशी असलेल्यांत कॅन्सर परत येण्याचं प्रमाण जास्त होतं. मग बोस्टनवाल्यांनी २०१७ मधे डोकं उलटं चालवलं, कॅन्सरची पेशी ओढण्यापेक्षा रक्तातल्या बाकी सगळ्या पेशीच काढून टाकल्या, आणि जे उरलं त्यात लिव्हरचे दहा जीन डिजिटल पीसीआरने मोजून एक स्कोर बनवला. हे मला फार आवडलं होतं. मार्कर तेच जुने, अल्ब्युमिन, एएफपी वगैरे, पण आधी पांढऱ्या पेशी हटवल्या की त्यांची कुजबूज पण हटली, आणि आहे-नाही असं न म्हणता किती आहे ते मोजलं. माझ्या रक्ताने आम्हाला जो धडा दिला होता त्याचं हे उत्तर म्हणायला हरकत नाही.

तिसरा रस्ता पेशी सोडून थेट डीएनएचा. मरणाऱ्या पेशींचा डीएनए प्लाझ्मात तुकडे-तुकडे होऊन फिरतो, त्यात कॅन्सरचे बिघाड शोधायचे. टर्ट जीनच्या प्रमोटरमधला, म्हणजे जीन चालू-बंद करणाऱ्या भागातला बदल साधारण निम्म्या लिव्हर कॅन्सरमधे असतो. पी५३ जीनच्या २४९व्या कोडॉनमधे (कोडॉन म्हणजे तीन अक्षरांचा गट) जी या डीएनए-अक्षराचा टी होतो तो तर बोटाचा ठसाच आहे, १९९१ मधे चीन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या पेशंटमधे सापडला आणि अफ्लाटॉक्सिनशी जोडला गेला, म्हणजे दमट जागी ठेवलेल्या मक्याला, शेंगदाण्याला जी बुरशी लागते तिचं विष. (हिपॅटायटिस बी असलेल्या माणसाने बुरशीचा, कडवट लागणारा दाणा थुंकून द्यावा, गिळू नये, एवढं आत्यांना सांगच.) शिवाय मिथायलेशनवाल्या, म्हणजे डीएनएवरच्या रासायनिक खुणा वाचणाऱ्या टेस्ट आहेत, सध्या जास्त जोर तिकडेच आहे. या सगळ्यात भविष्य आहे, पण आत्यांच्या पुढच्या महिन्याचा निर्णय यातल्या कशावरही ठरत नाही, ठरू नये.

तो ठरतो फोटोवर. आरएफएनंतर साधारण महिन्याने कॉन्ट्रास्ट घालून सीटी किंवा एमआरआय करतात, जाळलेल्या जागेच्या कडेला जिवंत भाग उरलाय का ते बघायला, आणि मग सुरुवातीला दर तीनेक महिन्यांनी. लिव्हर कॅन्सर हा असा कॅन्सर आहे की सिरोसिसच्या पेशंटमधे बायोप्सी न करता फोटोवरच निदान मान्य होतं, कॉन्ट्रास्ट आर्टरीतून येताना गाठ चमकते आणि नंतर बाकी लिव्हरपेक्षा फिकी पडते, आत्यांचंही असंच झालं असणार. नुसत्या सोनोग्राफीवर भागवू नका, २०१८ मधे बऱ्याच अभ्यासांचं मिळून गणित मांडलं होतं त्यात एकट्या सोनोग्राफीने सुरुवातीच्या गाठी निम्म्याहून कमीच पकडल्या, एएफपी सोबत जोडल्यावर ६३ टक्के. आणि आत्यांना तर एएफपीचाही फारसा उपयोग नाही कारण ते पहिल्यापासून शांतच आहे. डॉक्टरांना पिव्हका-टू, हा लिव्हर कॅन्सरचा रक्तातला दुसरा मार्कर, त्याबद्दल विचार, गाठ असतानाचं ते वाढलेलं होतं का. असेल तर तो त्यांचा मार्कर. फक्त कोणी रक्त पातळ करायची वॉरफेरिन घेत असेल तर ते आपोआप वाढतं, तेवढं लक्षात ठेव.

केमोचं म्हणशील तर लिव्हर कॅन्सरमधे आपण ज्याला केमो म्हणतो ते सहसा देतच नाहीत, गोळ्या किंवा इम्युनोथेरपी देतात, तेपण आजार फोटोत दिसतोय, गोळी-इंजेक्शन झेपेल इतकं लिव्हर चांगलं आहे, असं बघून. गाठ काढल्यावर किंवा जाळल्यावर पुढे परत येऊ नये म्हणून सोराफेनिब देऊन बघितली होती, मोठी ट्रायल, २०१५ मधे निकाल आला, फायदा काही झाला नाही, त्रास तेवढा झाला. तेव्हा एका पीसीआरच्या पट्टीवर कोणी औषध सुरू करायला निघालं तर आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. परत येण्याची भीती खोटी नाही, हे मी लपवणार नाही, ऑपरेशनने काढलेल्यांतही पाच वर्षांत ७० टक्क्यांपर्यंत लोकांना लिव्हरमधे परत गाठ होते, पण त्यातल्या कित्येक गाठी जुन्या पेशी रक्तातून फिरून आल्यामुळे नाही तर सिरोसिसच्या त्याच जमिनीत नवीन उगवलेल्या असतात. म्हणून हिपॅटायटिस बी ची अँटीव्हायरल गोळी, एन्टेकॅव्हिर असो की टेनोफोव्हिर, ती रोजच्या रोज. टेस्टच्या मोठ्या पॅकेजपेक्षा या गोळीने जास्त फरक पडतो आणि घरोघरी हीच चुकते, लग्नकार्यात, गावाला गेल्यावर.

टेस्ट दर महिन्याला करायची का, तर नाही. पैसे एमआरआयसाठी ठेव. झाली आहेच तर लॅबला फोन करून एवढं विचार की सीटी व्हॅल्यू किती आली, पाण्याचा कंट्रोल स्वच्छ होता का, आणि निरोगी माणसांचं रक्त लावून कट-ऑफ ठरवलाय की नुसतं दिसलं म्हणून डिटेक्टेड लिहिलंय. सीटी व्हॅल्यू म्हणजे (स्कॅनच्या सीटीशी याचा संबंध नाही) पीसीआरच्या कितव्या फेरीला सिग्नल दिसला, साधारण ३.३ फेऱ्यांचा फरक म्हणजे मालात दहापट फरक. छत्तीस-सदतीसाव्या फेरीला आला असेल तर तो माझ्या गराडूवाल्या पट्टीचाच चुलत भाऊ समज. आणि ते सीटी व्हॅल्यू द्यायला टाळाटाळ करत असतील तर तो रिपोर्ट फाइलमधे सगळ्यात मागे लाव.

आता एक गोष्ट जी तू विचारली नाहीस. आत्यांना हिपॅटायटिस बी कधी झाला कोणालाच माहीत नाही असं तू लिहिलंयस. आपल्याकडे बऱ्याचदा तो जन्माच्या वेळी आईकडून येतो, आणि तान्हेपणी लागला तर ९० टक्क्यांपर्यंत मुलांमधे कायमचा राहतो, चाळीस-पन्नास वर्षं काही लक्षण नाही. तेव्हा लस नव्हतीच, देशभर सगळ्या बाळांना सरकारी लसीकरणात ती मिळायला लागली २०११ च्या आसपास. आत्या आणि तुझे बाबा एकाच आईची लेकरं. बाबांचं एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस बी ची रक्ततपासणी, कधी झालंय? काकांचं? आत्यांच्या मुलांचं? बोटभर रक्त, कुठल्याही साध्या लॅबमधे होते, फार महाग नाही, सकाळी दिलं तर संध्याकाळी रिपोर्ट. ज्यांचं निगेटिव्ह येईल आणि लस झालेली नसेल त्यांनी तीन डोस घ्यायचे. ज्याचं पॉझिटिव्ह येईल त्याची व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती ते) आणि सोनोग्राफी. तुझं स्वतःचंपण करून घे, आणि बाबांचा रिपोर्ट आला की मला कळव.